‘झोप लागत नाही’ हा ऑप्शन फॉर्मात नव्हता

मध्ये आमच्या ग्रुपवर एक गूगल फॉर्म आला. कुणीतरी मॅनेजमेंटची विद्यार्थिनी होती, तिचा प्रोजेक्टचा विषय असा की ऑनलाइन आरोग्य ग्रुपमधे लोक आपल्याजवळची माहिती दुसऱ्यांना का देतात, त्यांची प्रेरणा काय. पंचवीसेक वाक्यं, प्रत्येकापुढे पाच गोल, ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत. मला इतरांना मदत करायला आवडते. माहिती दिल्याने समूहात माझा मान वाढतो. आज मी दिली तर उद्या मलाही मिळेल. अशी सगळी. आम्ही आपले गोल भरत बसलो, बहुतेकांनी चौथाच भरला असणार, कारण पाचवा भरला की जरा आगाऊपणा वाटतो. आणि मग सांगलीताईंचा मेसेज आला, ‘‘फॉर्म भरला गं बाळा, पण माझं कारण त्यात नाही. मी रात्री तीनला पोरीची शुगर बघायला उठते, नंतर मला झोप लागत नाही, म्हणून मी ग्रुपवर उत्तरं देते. हा ऑप्शन टाक.’’

हसण्याच्या इमोजी पडल्या धडाधड. मी पण टाकली. पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना.

ग्रुप आहे टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या आईबापांचा. आजोबांना असते ती ‘शुगर’ वेगळी, हे वेगळं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, गोड खाल्ल्यानं होत नाही, आईनं गरोदरपणात आंबे खाल्ले म्हणूनही होत नाही (हे मी लिहितोय कारण माझ्या बायकोला ते तोंडावर ऐकवलेलं आहे), आणि एकदा झालं की इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, दिवसातनं चारचार वेळा, जन्मभर. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वीस वर्षांखालची अशी सव्वादोन लाखांच्या वर पोरं आहेत. तरी माझ्या मुलीला सातव्या वर्षी झालं तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्यात मला एकही घर माहीत नव्हतं. ग्रुपवर कुणी कुणाला नावानं ओळखत नाही. नंबर सेव्ह केलेत ते गावावरनं, सांगलीताई, नगरदादा, बीड आई, लातूर सर. मी बहुधा कुणाच्या तरी फोनमधे ‘कराड बाबा’ असणार.

तर लोक का सांगतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोक चांगले असतात, उदार असतात म्हणून सांगतात हे अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यानं आपण फार नुकसान करून घेतलंय. सांगणाऱ्याला सांगायची गरज असते, बऱ्याचदा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त. हे एकदा मान्य केलं की डॉक्टरांनी या ग्रुपांकडे कसं बघावं, कंपन्यांनी काय करू नये, आणि आपण स्वतः कुणाचं ऐकावं, सगळ्याच गोष्टी जरा वेगळ्या दिसायला लागतात.

माझंच घ्या. मुलीला होऊन दीड वर्ष झालं होतं, आम्ही बऱ्यापैकी तयार झालो होतो असा समज होता. मे महिना, लग्नाला गेलो होतो गावी, तिथं फ्रीज जुना, सिंगल डोअर. इन्सुलिन फ्रीजमधे ठेवायचं एवढं पाठ, म्हणून मी मोठ्या काळजीनं सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं, बर्फाच्या कप्प्याला अगदी चिकटून, म्हणलं इथंच सगळ्यात थंड राहील. परत आलो. मुलीची शुगर तीनशे, साडेतीनशे, चारशे. डोस वाढवला तरी तेच. लग्नातल्या जिलेबीला शिव्या दिल्या, मुलीवर संशय घेतला की चोरून खातेय, ती रडली. तीन दिवस. चौथ्या दिवशी बायकोनं ती व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, उजेडात धरली तर आत बारीक बारीक कण दिसले. गोठून गेलेलं इन्सुलिन होतं ते, गोठलं की ते कामाचं राहत नाही, मग वितळलं तरी नाही. नवीन व्हायल उघडली, रात्रीपर्यंत शुगर दोनशेच्या आत.

मी पोरीवर चोरीचा आळ घेतला होता. त्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर सगळं लिहून काढलं, मोठ्ठा मेसेज, स्पेलिंग चुकलेला, शेवटी ‘माझ्यासारखं करू नका’. तोवर मी ग्रुपवर नुसता वाचणारा होतो. आता कुणी विचारलं असतं तर मी म्हणलो असतो इतरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिलं. पण खरं सांगायचं तर इतर कुणी माझ्या डोळ्यापुढे नव्हतंच. मला ते छातीवरनं उतरवायचं होतं. आणि उत्तरं आली ती पण तशीच, ‘आमचंही असंच झालेलं’, एकानं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात विसरलेलं, एका आईनं मे महिन्यात एसटीच्या प्रवासात बॅगेत उकडून टाकलेलं, एका मावशींनी फ्रीजची लाइट जाते म्हणून एकात एक दोन मडकी, मधे ओली वाळू, त्यात इन्सुलिन कसं ठेवतो ते फोटोसकट टाकलं. सकाळी उठलो तर हलकं वाटलं. त्या महिन्यात तोच मेसेज चार ठिकाणी फिरून परत माझ्याकडे आला, नाव काढून, आणि मला बरं वाटलं हेही कबूल करतो. मान वाढतो हा ऑप्शन फॉर्मात होता, तो काही चुकीचा नव्हता.

यात नवीन काही नाही म्हणा. १९३५ सालची गोष्ट आहे, अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा एक माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. पाचसहा महिने दारू सुटलेली, ज्या धंद्याच्या कामासाठी आलेला ते बोंबललेलं, आणि लॉबीच्या एका टोकाला बार. त्याला कळलं की आता आपण पिणार. त्यानं काय केलं तर फोन उचलून गावातल्या चर्चना फोन लावायला सुरवात केली की मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. सुधारायला नाही हो, स्वतःला वाचवायला. अशा रीतीनं त्याची डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ पडली, आणि बॉबनं शेवटचा घोट घेतला तो जूनचा दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा जन्मदिवस म्हणून धरतात. पुढे १९६५ मधे फ्रँक रीसमन नावाच्या अभ्यासकानं याला नाव दिलं, मदत करणाऱ्यालाच उपचार मिळतो असं तत्त्व. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्यानं मुक्तांगण सुरू केलं, तिथंही दारू सुटलेला माणूस पुढे दुसऱ्याची सोडवायला बसतो, आणि बसल्यामुळे त्याचीही सुटलेली राहते. म्हणजे ज्याला आपण समाजसेवा म्हणतो ते त्या माणसाचं औषध असतं.

आता तुम्ही म्हणाल मग सगळेच का सांगत नाहीत. नाहीच सांगत. २०१४ मधे चार ऑनलाइन आरोग्य समूहांवरचा एक अभ्यास छापून आला, दारू, सिगरेट, नैराश्य आणि पॅनिकचे, त्यात दिसलं की वरच्या एक टक्का लोकांनी जवळपास तीन चतुर्थांश मजकूर लिहिलेला, आणि नव्वद टक्के लोकांनी लिहिलेलं न लिहिल्यासारखंच. आमच्याकडे मी टक्केवारी काढली नाही पण साडेतीनशे जणांत उत्तरं देणारे धरून पंधरा, आणि त्यातल्या तेरा आया. बाबा लोक लिंक टाकतात, आया आकडा टाकतात. (मीही आधी लिंकवालाच होतो.) ‘परदेशात यावर इलाज निघाला, वाचा’ असं कुणी टाकलं की समजायचं बाबा. ‘काल रात्री ज्वारीची भाकरी दिली, नऊला एकशेदहा होती, बाराला दोनशेवीस’ असं आलं की आई. कारण साधं आहे, ज्याच्या हातात सुई आणि लाटणं दोन्ही आहे त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं.

आणि गप्प बसणाऱ्यांचं कारण आळस नसतं. आमच्यात किमान दहा घरं अशी आहेत ज्यांचा डीपी म्हणजे गुलाबाचं फूल किंवा विठोबा, बाकी काही नाही. मुलीची आई आहे, मुलगी कॉलेजला आहे, दोन वर्षांनी स्थळं बघायची. व्हॉट्सॲपवर नंबर सगळ्यांना दिसतो, आणि महाराष्ट्र काही एवढा मोठा नाही हो, साडेतीनशेतलं कुणीतरी कुणाच्या तरी आतेभावाच्या ओळखीचं निघतंच. एका ताईंनी मला पर्सनलवर प्रश्न पाठवला, मी ग्रुपवर विचारला, उत्तर आलं ते परत त्यांना पाठवलं, असं वर्षभर चाललं. त्या बाईंकडे नऊ वर्षांचा अनुभव आहे. बारावीची परीक्षा, पाळीच्या दिवसांत शुगर कशी वर जाते, होस्टेलवर कसं ठेवायचं, सगळं. तो आम्हाला मिळत नाही. प्रेरणा वगैरे भरपूर आहे त्यांच्याकडे, रस्ता बंद आहे. तेव्हा प्रेरणा वाढवायच्या गप्पा मारण्याआधी भीती काय आहे ते बघा असं मला त्या फॉर्मवाल्या मुलीला सांगावंसं वाटलं.

आमच्या आजोळी एक घर होतं जिथं कावीळीचं औषध द्यायचे. कसली तरी पाळंमुळं, रविवारी आणि बुधवारी सकाळी, पैसे घ्यायचे नाहीत, पण काय देतो ते सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो म्हणे. लहानपणी मला ते फार पटायचं. आता कळतं की सांगितलं असतं तर गुण गेला नसता, कदाचित गुण होता की नव्हता तेच कळलं असतं. (कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, हे मला नंतर कळलं.) त्याच गावात माझी आजी श्रावणात कहाणी वाचायची. कहाणीत कुणी एक गरीब बाई असते, तिला वनात देवकन्या भेटतात, ती विचारते बायांनो हा कसला वसा, मलाही सांगा. त्या म्हणतात सांगू पण उतशील मातशील, घेतला वसा टाकशील. ही म्हणते उतणार नाही मातणार नाही. मग तिला सांगतात, आणि तिचं बरं झालं की तिनं दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंच असतं. फी काही नाही, अट एकच, घेतलं की पुढे द्यायचं, आणि ज्यानं दिलं त्याला परत द्यायचं नसतं, भलत्याच कुणाला द्यायचं असतं.

आपल्याकडे आरोग्याचं ज्ञान या दोन्ही रस्त्यांनी चालत आलंय, कावीळवाल्याच्या आणि वशाच्या. ग्रुप चालतो तो वशाच्या रस्त्यानं. मला पहिल्या आठवड्यात सुई कुठं टोचायची, एकाच जागी टोचलं की गाठ कशी येते, शाळेत बाईंना काय लिहून द्यायचं हे नगरदादानं शिकवलं. नगरदादाला मी आजवर एक चहा पाजलेला नाही, भेटलोच नाही. त्याची परतफेड मी बीड आईला केली. बीड आई आता परवा कुणा वाशिमच्या बाबाला समजावत होती, अगदी नगरदादाच्या शब्दांत, ‘‘घाबरू नका, आठ दिवसांत तुम्ही पण डॉक्टर व्हाल’’. फॉर्मातलं ‘आज मी दिली तर उद्या मलाही मिळेल’ हे वाक्य म्हणूनच मला उलटं वाटतं. आम्हाला आधी मिळालेलं असतं. आम्ही कर्ज फेडतोय, फक्त सावकार भलताच आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर झालेलं उदाहरण बघायचं तर न्यूयॉर्क राज्यातला जॉन कॉस्टिक. प्रोग्रामर माणूस. २०१२ मधे त्याच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप वन झाला. अंगावर लावायचा सेन्सर मिळाला, दर पाच मिनिटाला शुगर सांगणारा, पण आकडा दिसायचा फक्त जवळच्या छोट्या रिसीव्हरवर. पोरगं शाळेत, बाप ऑफिसात, आकडा पोराच्या खिशात. कंपनी पुढचं मॉडेल काढेल तोवर हा थांबला नाही, २०१३ मधे त्यानं जुगाड करून तो आकडा इंटरनेटवर चढवला आणि स्वतःच्या फोनवर बघितला, आणि ट्विटरवर टाकला. बाकीचे आईबाप मागे लागले की आम्हालाही दे. त्यातनं नाइटस्काउट नावाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, फुकट, कुणीही घ्या. त्याच सुमारास सिएटलची डेना लुइस, तिला स्वतःलाच टाइप वन, तिची तक्रार एवढीच होती की रात्री शुगर पडली की वाजणारा अलार्म फार बारीक आहे, मी गाढ झोपते, एकटी राहते, मला ऐकूच येत नाही. अलार्म मोठा करता करता ती पुढे जाऊन इन्सुलिनच्या पंपाला आपोआप डोस ठरवायला लावणारी सिस्टिम बनवून बसली, आणि २०१५ मधे ती कशी बनवायची ते सगळं खुलं करून टाकलं. त्यांचं ब्रीदवाक्यच होतं, वी आर नॉट वेटिंग. अशाच घरगुती प्रयोगांतनं निघालेल्या लूप नावाच्या ॲपचं एक रूप २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएनं मंजूर केलं, म्हणजे आईबापांनी आणि पेशंटांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून केलेलं काम सरकारनं दहा वर्षांनी पास केलं.

गंमत बघा, तिथंही मुळाशी झोपच आहे. कॉस्टिकला ऑफिसात चैन पडत नव्हतं आणि डेनाला झोपेत मरायची भीती वाटत होती. आमच्या सांगलीताईंचं काय वेगळं आहे. आणि त्यांनी ते खुलं करण्यात आणखी एक हिशोब होता जो उदारपणात बसत नाही, चार लोकांनी वापरलं की चुका सापडतात आणि आपल्याच पोराच्या अंगावरची वस्तू जास्त भरवशाची होते. सांगितलं की गुण वाढतो.

डॉक्टर लोकांना या ग्रुपांचा राग का येतो हे मला कळतं. त्यांच्या समोर रोज कुणीतरी मोबाइल धरतो, ‘डॉक्टर, ग्रुपवर असं असं म्हणत होते’. पण हिशोब करून बघा. आम्ही तीन महिन्यांनी एकदा पुण्याला जातो, रिपोर्ट दाखवतो, पंधरा मिनिटं मिळतात, म्हणजे वर्षाला एक तास. वर्षाचे तास असतात आठ हजार सातशे साठ. उरलेले आठ हजार सातशे एकोणसाठ आमचे आम्ही काढतो. त्यात गणपती येतात. आता उकडीच्या मोदकात कार्बोहायड्रेट किती हे कुठल्या तक्त्यात लिहिलंय, डोस तर ग्रॅमवर ठरतो. एका रत्नागिरीच्या आईनं तांदळाची पिठी, गूळ, खोबरं वेगवेगळं तोललं, एकवीस मोदक केले, भागाकार केला, आणि ग्रुपवर टाकलं की माझ्या हाताच्या एका मोदकाला बावीस ग्रॅम. खाली तळटीप, ‘माझे मोदक लहान असतात, तुमच्या सासूबाईंचे मोठे असतील तर स्वतः तोला’. आणि त्याखाली अजून एक, ‘खोबरं आणि वरचं तूप यामुळे शुगर लगेच चढत नाही, दोन तासांनी चढते, आधी बघून फसू नका’. हे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी फोटो काढून घेतला. ते शहाणे आहेत. सगळेच नसतात.

ही बाई ते का करते. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘‘पहिल्या वर्षी पोराला मोदक दिलाच नाही हो. तो शेजारच्यांकडे बघत बसला होता. त्या वर्षी मी ठरवलं.’’ बस एवढंच बोलली. त्या एका गणपतीचं काहीतरी व्हायला पाहिजे होतं, वाया जायला नको होता, त्याचे ग्रॅम झाले.

आता उलटी बाजू, आणि ही मी टाळू शकत नाही, कारण इथपर्यंत वाचून वाटेल की मनापासून सांगणारा म्हणजे खरं सांगणारा. तसं अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाबा ग्रुपमधे आले, मुलाला होऊन तीन महिने झालेले. आणि त्यांनी आनंदानं लिहिलं की अमुक एका ठिकाणची पावडर सुरू केली, इन्सुलिन अठरा युनिटवरनं चारवर आलं, महिनाभरात बंद होईल, कुणाला पत्ता पाहिजे तर सांगा, मी एक पैसा कमिशन घेत नाही. खरंच घेत नव्हते. त्यांचा हेतू आमच्या कुणाहीपेक्षा स्वच्छ होता, त्यांना वाटत होतं आपल्याला अमृत सापडलंय आणि ते एकट्यानं पिणं पाप आहे. आणि ती माहिती मुलाचा जीव घेणारी होती.

यातली भानगड अशी की टाइप वन झाल्यावर, इन्सुलिन सुरू केलं की बऱ्याच पोरांत उरल्यासुरल्या पेशी काही महिने परत काम करायला लागतात, गरज एकदम कमी होते. याला हनिमून म्हणतात, डॉक्टरच म्हणतात. त्या काळात तुम्ही पावडर द्या, नवस बोला, रेकी करा, काहीही करा, श्रेय त्यालाच जातं. मग हनिमून संपतो. आणि तेव्हा जर कुणी विश्वासानं इन्सुलिन पूर्ण बंद करून बसलं असेल तर रक्तात ॲसिड साठून पोरगं काही दिवसांत, कधी एकदोन दिवसांत आयसीयूत जातं, नेलं नाही तर मरतं.

त्यांना ॲडमिननी काढून टाकलं नाही, हे मला आजही बरोबर वाटतं. ग्रुपमधल्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांनी व्यवस्थित समजावलं, बाबांनी थंड नमस्कार केला, ॲलोपॅथीवाले असंच म्हणणार. मग लातूर सरांनी लिहिलं. आमच्याकडे पण चौथ्या महिन्यात तीन युनिट झालेलं, आम्ही पण एका वैद्याला श्रेय दिलं, पेढे वाटले, सातव्या महिन्यात मुलगी बेशुद्ध झाली. तारखा लिहिल्या. त्याखाली अजून पाच जणांनी आपापले महिने लिहिले, तिसरा, पाचवा, आठवा. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, किती युनिटनी परत सुरू करू, आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलं आपल्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. लातूर सरांना पेढ्यांची गोष्ट सांगायला सोपी गेली असेल का. शिकलेला माणूस, हायस्कूलला सायन्स शिकवणारा.

म्हणून मी आता हेतूकडे बघतच नाही, किंमत बघतो. सांगणाऱ्याला सांगताना काय पडलं. फॉरवर्ड करायला काहीच पडत नाही, अंगठा हलला की झालं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमधे, आपण सगळ्यांनी ते बघितलंय, ऑक्सिजन सिलिंडरचे तेच तेच नंबर हजारदा फिरत होते आणि निम्मे लागत नव्हते. आणि त्यातच काही पोरंपोरी अशी होती जी प्रत्येक नंबरला स्वतः फोन करून खाली लिहायची, दुपारी ३.२० ला चेक केला, चालू आहे. फॉरवर्ड करणाऱ्याची तळमळ काही कमी नव्हती. पण कामाला आलं ते ३.२०. कारण त्यात कुणाचा तरी एक फोन आणि पाच मिनिटं गेलेली होती.

‘डायबेटिस मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणं आपल्याकडे गुन्हा आहे बरं का, १९५४ चा औषधे आणि जादूई उपचारांचा कायदा आहे, त्याच्या यादीत डायबेटिस आहे. पण कुणाचे तरी प्रामाणिक बाबा आनंदानं पत्ता देतात तेव्हा जाहिरातदार कोर्टात उभा राहत नाही, त्याला जाहिरातीची गरजच उरत नाही. आपल्या सांगण्याच्या गरजेवर पोट भरणारे लोक आहेत, आणि ते फक्त पावडरवाले नाहीत.

पेशंट्सलाइकमी नावाची अमेरिकन साइट माहीत असेल काहींना. हेवुड भावांनी २००४ मधे काढली, त्यांच्या एका भावाला २९ व्या वर्षी एएलएस झाला होता, हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार. हजारो पेशंटांनी आपले डोस, आपले साइड इफेक्ट, आपली उतरण तिथं लिहून ठेवली. लिथियमनं एएलएस मंदावतो असं २००८ मधे गाजलं तेव्हा पेशंटांनी स्वतः घेऊन नोंदी केल्या, आणि २०११ मधे त्याच नोंदींवरनं दाखवलं गेलं की काही फरक पडत नाही. असाध्य आजाराच्या माणसानं ‘मला उपयोग झाला नाही’ हे लिहिणं, आणि त्याचं शास्त्र होणं, मला यापेक्षा मोठं सामुदायिक काम सुचत नाही. पण २०१० मधे निल्सन या बाजारपेठ-अभ्यास करणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर तिथं मेंबर बनून शिरलं आणि गप्पा खरवडून नेत होतं हे उघड झालं, नैराश्यावरच्या गप्पा होत्या त्या. साइट स्वतःही माहिती औषध कंपन्यांना विकत होती, अर्थात ती ते सांगून करत होती, पण खरवडाखरवडीची बातमी आली तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच कळलं. २०१९ मधे अख्खी साइटच एका बड्या हेल्थ इन्शुरन्स ग्रुपनं घेतली. आणि आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्यात माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या बाहेर ठेवलीय. साडेतीनशे लोकांचा ग्रुप सार्वजनिक की खाजगी, आणि रात्री तीनला लिहिलेला पोरीचा आकडा कुणाचा, यावर मला आमच्या ॲडमिनपेक्षा जास्त विचार केलेला माणूस अजून भेटलेला नाही.

मधे एका कंपनीच्या माणसानं ॲडमिनला ऑफर दिली होती, आमच्या ॲपवर या, जो जास्त उत्तरं देईल त्याला पॉइंट, पॉइंटवर सेन्सरला डिस्काउंट. सेन्सर चौदा दिवस चालतो, महिन्याला दोन लागतात, ज्याला खरेदी करावे लागतात त्यालाच माहीत, त्यामुळे बऱ्याच जणांचं मन हललं, माझं पण. सांगलीताई म्हणाल्या, ‘‘मग रत्नागिरीवाली मोदक तोलणार नाही, वीस मेसेज टाकेल.’’ रिचर्ड टिटमस नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकानं १९७० साली रक्तदानाबद्दल हेच मांडलं होतं, पैसे द्यायला लागलात की रक्त देणारे बदलतात आणि रक्तही. आपल्याकडे तर पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंदच केलं, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. शिबिरात टिफिन आणि हेल्मेट वाटतो तो भाग सोडा. सांगलीताईंनी टिटमस वाचलेला नाही याची मला खात्री आहे.

मग काय करावं असं कुणी विचारेल. मला वाटतं बक्षिसं, बॅज, आभार प्रदर्शन वगैरे काढून टाकून दोनतीन साध्या गोष्टी कराव्यात. फुलाच्या डीपीमागच्या बाईला नंबर न दाखवता बोलता येईल अशी सोय. चूक कबूल करणाऱ्याला ‘तुम्ही असं कसं केलंत’ न म्हणण्याचा नियम, आमच्याकडे तो आहे, एकदा म्हणलं की ॲडमिन पर्सनलवर झापतात. डॉक्टरांनी ग्रुपमधे असावं पण कोपऱ्यात बसल्यासारखं, लातूर सरांच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही. आणि जो कुणी इथली माहिती उचलणार त्यानं, ती विद्यार्थिनी असो नाहीतर कंपनी, आधी दारावर टकटक करावी. त्या मुलीनं केली होती, फॉर्मच्या आधी दोन दिवस परवानगी मागितली होती, म्हणून सगळ्यांनी भरला. नंतर तिनं सांगलीताईंना फोनही केला म्हणे, तासभर बोलल्या दोघी, काय बोलल्या ते ताईंनी सांगितलं नाही.

ताईंची मुलगी आता पुण्यात होस्टेलला असते. तिचा सेन्सर तिथं, आकडा सांगलीत ताईंच्या फोनवर दिसतो. ताईंना इकडनं उठून बघायची काही गरज नाही, शुगर खाली गेली तर अलार्म वाजतो. परवा रात्री माझ्या मुलीची शुगर खाली गेली होती, तिला साखरपाणी देऊन बसलो होतो, तर ग्रुपवर नवीन नंबर, ‘पाच वर्षांचा मुलगा, शुगर ५४ दाखवतंय, घाम आलाय, शुद्धीत आहे, काय करू प्लीज कोणीतरी’. तीन वाजून बारा मिनिटं. मी टाइप करायला घेतलं, ‘घाबरू नका, तीन चमचे’ इथपर्यंत आलो तेवढ्यात वर उमटलं, ‘‘आधी साखर दे गं, पाण्यातनं, तीन चमचे. दिलीस का? आता पंधरा मिनिटं मी आहे इथं.’’ मी माझं पुसून टाकलं, आणि फोन हातातच धरून पंधरा मिनिटं तसाच बसलो.